तार आखूड, ताप जास्त

कॉइल बनवायला काय लागतं? तार, ती गुंडाळायला पेन्सिल आणि ‘यात काय एवढं!’ म्हणणारा स्वभाव. पहिल्या दोन गोष्टी बाजारात मिळतात. तिसरी माझ्याकडे वडिलोपार्जित आहे.

बायकोची बँकेतली बदली कुंभकोणमला झाली आणि आम्ही दारासुरम्‌ला भाड्याने राहायला गेलो. गॅस मिळेपर्यंत मदार होती एका शेगडीवर. चिनी मातीची तबकडी, तिच्या खाचांत नायक्रोमची उघडी स्प्रिंग, हजार वॉट. कोपऱ्यावर पितळी पेल्यात फेसाळ डिग्री कॉफी मिळत असताना मी घरी दूध तापवत बसायचो, कारण बाहेरच्या कॉफीत आपलं कर्तृत्व नसतं.

घरमालक रेशीम विणायचे. भिंतीपलीकडेच त्यांचा माग. ताण्यातला धागा तुटला की माग थांबायचा, ते बोटांच्या चिमटीत टोकं धरून पीळ द्यायचे आणि पुन्हा खटखट सुरू. साडीवर मागमूस नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की शेगडीची कॉइल तुटली तेव्हा वायरमन आठवलाच नाही. पकड घेतली, जळका तुकडा कापला, टोकांना पीळ दिला, उरलेली स्प्रिंग ताणून खाचेत बसवली. बटण दाबलं. लालबुंद!

शिवाय दूधही आधीपेक्षा लवकर उकळलं. पुढे कॉइल त्या पिळापाशीच तुटली. पुन्हा कापली, पुन्हा पीळ, दूध आणखी लवकर. तार कमी म्हणजे वीजही कमी लागणार, हे मी बायकोला नीट समजावलं. तिने शांतपणे ऐकलं. असल्या बचत योजना ऐकायची बँकेत सवय होते.

मग लंडनहून भाचा आला. ‘मामाची फास्ट शेगडी’ त्याला दाखवणं भागच होतं. दूध वर यायला आणि प्लगमधून मासळी जळाल्यासारखा वास यायला एकच गाठ पडली. मी प्लग हिसकला. तो मऊ झाला होता, माझी बोटं झाली नाहीत एवढंच. ठप्प आवाज होऊन फ्यूज उडाला, घरभर अंधार झाला आणि भिंतीपलीकडची खटखट थांबली. अंधारातून घरमालकांचा अदबशीर प्रश्न आला, “सार, कॉफी झाली?”

भाच्याने बॅगेतून मल्टिमीटर काढला. तिकडे हा पठ्ठ्या वेपच्या कॉइल स्वतः वळतो. वेप मात्र लंडनलाच ठेवून आला होता, कारण आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटवर बंदी आहे. शेगडी गार झाल्यावर त्याने मोजलं: २६ ओहम.

“मामा, हजार वॉटला साधारण ५३ पाहिजेत. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. तुम्ही तार निम्मी केलीत, शेगडी झाली दोन हजार वॉटची. करंट जवळजवळ नऊ अँपियर आणि सॉकेट सहाचं!”

“पण मी तर तार कमी केली.”

“म्हणूनच. तार आखूड की रोध कमी, रोध कमी की करंट जास्त.” मग तो वेपवर घसरला. “आम्ही कॉइल वळली की आधी ओहम मोजतो. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा. कॉइल ०.२ ओहमची निघाली तर २१ अँपियर. सेल वीसचाच असेल तर तो तापणार, प्रसंगी फुटणार आणि तो असतो तोंडापाशी. सगळे वेढे सारखे लाल होतात का, तेही बघायचं. एखादाच आधी पेटला तर तिथे खोट. तुमचा पीळ म्हणजे तीच खोट. सांधा सैल, म्हणून तिथेच जास्त तापायचं आणि तिथेच तुटायचं.”

उघड्या कॉइलला स्टीलचं पातेलं टेकलं तर पातेल्यातही वीज येते, म्हणून अर्थिंग हवंच आणि हात लावण्याआधी नुसतं बटण बंद न करता प्लग काढायचा, हेही त्याने ऐकवलं. माझ्या प्लगची अर्थिंगची पिन केवळ शोभेला होती, हे मी ऐकवलं नाही.

मी बोटं तांब्यात बुडवून बसलो. घरमालकांनी धीर देण्यासाठी ऐरावतेश्वराची कथा सांगितली. हे देऊळ दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलं, २००४पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. ऋषीच्या शापाने अंगाचा दाह होणारा यम इथल्या तीर्थात न्हाऊन निवला आणि शापाने रंग गेलेला ऐरावत इथेच पुन्हा पांढरा झाला. मग सॉकेटभोवतीच्या काळ्या भिंतीकडे बघून ते म्हणाले, “यमाचं तुमचं तुम्ही बघा. ऐरावताचं मात्र चुन्यावाचून व्हायचं नाही.” जाता जाता आणखी एक: “धागा तुटला की मी मध्ये नवा धागा जोडतो, सार. आखूड नाही करत.”

बायकोने त्याच रात्री घरात कायदा केला. ई-सिगारेटच्या कायद्यात उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात अशी लांबलचक यादी आहे. तिने ती जशीच्या तशी माझ्या कॉइलना लावली आणि पकड जप्त केली. बाकी कलमं मी पाळतो आहे. जाहिरातीचं तेवढं हा लेख लिहून मोडलं.