चहा त्याने केला हो!

मराठी मालिकेतल्या नायकाला काय येत नाही? चार गुंडांना तो एकट्याने लोळवतो, दरीत पडून परत येतो, स्मृती गेली तरी बायकोच्या बांगड्यांचा आवाज बरोबर ओळखतो. फक्त घरात काय चाललंय ते दिसत नाही, आणि दिसलंच तर बोलवत नाही.

'तुझ्यात जीव रंगला'मधला राणादा आठवा. कोल्हापूरचा पैलवान, लाल मातीत भल्याभल्यांना चितपट करणारा. पण वहिनीसाहेबांचे डाव शेंबड्या पोरालाही कळायचे, याला नाही. २०१६ ते २०२१ या काळात आम्ही त्याला प्रेमाने भोळा म्हटलं. तेवढीच अक्कल एखाद्या सुनेने दाखवली असती, तर तिला काय म्हटलं असतं, ते आपापल्या घरात विचारा.

दुसरी जात चालू नवऱ्यांची. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधला गुरुनाथ शनायाच्या मागे, इकडे राधिका मसाले विकून मालकीण. 'आई कुठे काय करते'चा अनिरुद्ध याच्याही पुढचा. अरुंधतीशी घटस्फोट झाला, संजनाशी लग्न झालं, तरी अरुंधतीने कसं वागावं हे सांगायला साहेब हजर! नवरेपण गेलं, पण नवरेपणाची ड्यूटी सुटेना.

म्हणजे पुरुष एकतर भोळा, नाहीतर लबाड. शहाणा परवडतच नाही. तो दुसऱ्याच भागात विचारेल, ‘आई, दागिने हिच्या कपाटात तूच ठेवलेस ना?’ आई ‘हो’ म्हणेल. संपली मालिका. मग रात्री साडेआठला वाहिनीने दाखवायचं काय?

तरी नायकावर प्रेम बसावं म्हणून लेखक वर्षातून एकदा त्याला चहा करायला लावतात. बायको तापाने फणफणलेली. हा स्वयंपाकघराच्या दारात. मागे शीर्षकगीताची बासरी. जन्म याच घरात गेला, पण साखरेचा डबा सापडत नाही. गाळणी उलटी धरलेली. आजी, काकू, आत्या ओळीने उभ्या. कॅमेरा प्रत्येकीच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा. दूध उतू जातं. मग बायको तापातून उठते, ओटा पुसते आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणते, ‘किती करता हो माझ्यासाठी!’

'अग्गंबाई सासूबाई'त अभिजित राजे छान रांधायचे, हे मान्य. पण ते पडले शेफ. पैसे घेऊन भाजी परतली तर मर्दानगीला बाध येत नाही. त्याच मालिकेत आईने लाडावून ठेवलेला बबड्या होता. प्रेक्षकांनी त्याला पोटभर शिव्या घातल्या. आमच्या इमारतीतले एक काका तर त्याला बघून अक्षरशः लाल व्हायचे. सोफ्यावर पाय पसरून, चहा अजून का आला नाही म्हणून आत हाक मारत.