वाऱ्याला कारणे दाखवा नोटीस

मार्च 2025 अखेर देशाची पवनऊर्जा क्षमता 50 हजार मेगावॉटवर पोचली आणि उत्साही मंडळींच्या अंगात वारे संचारले. हिशेब सोपा होता. 30 मे 2024 रोजी देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉट झाली होती; म्हणजे पवनचक्क्या पाचपट करायच्या आणि कोळशाला नारळ द्यायचा.

गोम एवढीच, की क्षमता म्हणजे पगारपत्रकावरचे नाव आणि वीज म्हणजे हजेरी. वाऱ्याची वर्षाची हजेरी भरते वीस टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे देशाच्या एकूण विजेत त्याचा वाटा शंभरात पाचही नाही, आणि चक्क्या पाचपट केल्या तरी तो पाव हिश्श्याच्या पुढे जात नाही. इतक्या हजेरीवर टिकलेला माणूस सरकारी खात्यातही सापडायचा नाही! तेव्हा वाऱ्याला रीतसर नोटीसच काढावी.

त्याचा खुलासा तयार असेल. ‘जून ते सप्टेंबर मी चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर माणसाला उभे राहू देत नाही. तेव्हा तुमचे कृषिपंप बंद, पंखे मंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंप आणि पंखे दोन्ही सुरू होतात, तेव्हा मी रजेवर असतो, हे सिंदबादच्या काळापासून सर्वांना ठाऊक आहे. शिवाय माझा वेग निम्मा झाला, की वीज निम्मी नव्हे, एक-अष्टमांश होते.’

खुलासा मान्य करावा लागेल. पण वाऱ्याला कामावर ठेवले कुणी? 1990 च्या दशकात पवनचक्कीची शंभर टक्के किंमत पहिल्याच वर्षी घसाऱ्यात दाखवता येई. पाते फिरो न फिरो, करपात्र नफा उडून जाई. गुंतवणूकदाराला वारा लागत होता तो मार्चअखेरीस.

आता कुणीतरी डेन्मार्कचे नाव काढीलच. तिथे निम्म्याहून अधिक वीज वाऱ्याची, हे खरे. पण वारा पडला, की डेन्मार्क नॉर्वेच्या धरणांकडे हात पसरतो. आणि अख्ख्या देशाची वस्ती पुणे जिल्ह्याहून कमी. आपली नॉर्वे म्हणजे कोयना: 1960 मेगावॉट, वनकुसवड्याच्या शेजारीच. वारा असताना पाणी राखावे, तो पडला की सोडावे, ही जोडी झकास जमेल. मात्र वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला किती पाणी वळवायचे, यावर कृष्णा लवादाची मर्यादा आहे. एका कोयनेने देश चालत नसतो.

पवनचक्क्या जरूर उभाराव्यात. फक्त पुढच्या उद्घाटनाला मंत्रिमहोदयांनी मेगावॉटचा आकडा घरी ठेवावा आणि जुन्या चक्क्यांनी गेल्या ऑक्टोबरात किती युनिट दिले, तेवढे वाचून दाखवावे.