कोपरे साफ हवेत!

होळीच्या सुमारास चिंचपाडा स्टेशनावर उतरणारा एक विशेष प्राणी असतो : हौशी छायाचित्रकार, उपजात रेंजफाइंडरवाला. त्याला लेन्स हवी आजोबांच्या काळातली आणि कॅमेरा खिशात मावणारा, बिनआरशाचा.

हिशेब तोंडपाठ. लायकाची एम माउंट लेन्स सेन्सरपासून २७.८ मिमीवर बसावी लागते. सोनीच्या ई माउंटचे अंतर १८, फुजीच्या एक्सचे १७.७. मधली जागा अडॅप्टरचे पोकळ कडे भरून काढते. साध्या कड्यात ना काच, ना तार. म्हणून ऑटोफोकसही नाही. मायक्रो फोर थर्ड्स घ्यावा, तर ५० मिमीची लेन्स १०० मिमीएवढेच दाखवते. फुल फ्रेम घ्यावा, तर सेन्सरवरची जाड काच वाइड लेन्सचे कोपरे पुसट करते. कोपरे साफ नसतील तर जगण्यात अर्थ काय?

एवढ्यात काठी गावची राजवाडी होळी येते. कमरेला भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, असा होळीचा नर्तक, बुध्या, गिरकी घेतो. आपला गडी रिंग फिरवतो, पडद्यावर फोकसच्या लाल कडा लुकलुकतात. त्या जुळेस्तोवर बुध्या पार पलीकडे. शेजारचा पोरगा मोबाइलवर नाच टिपून, गावभर पाठवून मोकळा.

गडी मात्र खूश. फोटोत बुध्या नाही, पण मागच्या अंधाराला काय ‘कॅरेक्टर’ आलंय! बुध्याचं काय, पुढच्या वर्षीही नाचेलच. तोवर दुसरा अडॅप्टर मागवता येईल.