चौदा वर्षांचा पेशवा

काशीचा बालाजी घाट ‘1735 मध्ये बालाजी पेशव्यांनी बांधला’, हे वाक्य सहलीच्या माहितीपत्रकापासून व्हॉट्सअ‍ॅपच्या ढकलपत्रापर्यंत हल्ली एकाच थाटात फिरते. वाक्य झकास आहे, फक्त हिशेब जुळत नाही. बालाजी विश्वनाथ 1720च्या एप्रिलात सासवडला वारले, म्हणजे घाट बांधायला ते 15 वर्षांनी परत आले असणार. दुसरे बालाजी, आपले नानासाहेब, त्याच वर्षीच्या डिसेंबरातले. 1735 साली वय 14, आणि पेशवाईची वस्त्रे मिळायला अजून 5 वर्षे अवकाश. पण कादंबरीकाराला एवढी फट पुष्कळ झाली. तो त्या पोराला गंगेत गुडघाभर पाण्यात उभे करतो, हातात तलवार देतो, मागे भगवा फडकवतो आणि तोंडी दीड पानाचे स्वगत घालतो. मालिकावाला त्या स्वगताला तुतारी जोडतो. त्यातले अर्धे मिनिट कापून कुणीतरी खाली ‘खरा इतिहास’ असे लिहितो, आणि पुढच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत तेच अर्धे मिनिट ‘संदर्भ’ म्हणून हजर!

‘अहो, कादंबरी आहे, स्वातंत्र्य घेणारच.’ घ्या की, खुशाल घ्या. पण मग शेवटी संदर्भसूची कशाला? चूक दाखवली की कादंबरी आणि कुणी नमस्कार केला की इतिहास, हा दुटप्पी धंदा झाला. ‘मग आख्यायिकाही पुसून टाकायच्या का?’ मुळीच नाही. याच घाटावरच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करत, आणि तिथे प्रत्यक्ष बालाजीने आपल्याला दर्शन दिले, असे ते सांगत. त्यांनी ते आपला अनुभव म्हणून सांगितले. कुणाच्या गळी उतरवले नाही, की न मानणाऱ्याला देशद्रोही ठरवले नाही. ऐकणाऱ्याने हात जोडावेत, नाहीतर नुसती सनई ऐकावी.

संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. खरी हकीकत या स्वगतापेक्षा कितीतरी रंगतदार आहे, आणि तिलाच कुणी विचारत नाही. काशी मराठ्यांच्या अमलाखाली कधी आलीच नाही. नानासाहेबांनी काशी-प्रयागसाठी खटपट केली, पण काशी अवधच्या नवाबाकडेच राहिली आणि 1775 साली थेट कंपनीच्या घशात गेली. म्हणजे मराठ्यांनी तिथे घाट बांधले ते परक्याच्या मुलखात, एकही किल्ला न घेता, सावकार, हुंड्या, परवानग्या आणि गवंडी यांच्या जोरावर. 1735च्या सुमारास बाजीरावाच्या वतीने काशीत घाटांची कामे बघत होते सदाशिव नाईक. पत्रांवर पत्रे पाठवणारा, पैशांचा मेळ घालणारा हा माणूस आपल्या एकाही भव्य ऐतिहासिक स्वप्नात शिरत नाही. मोडी वाचता येत नाही, ही सबबही चालायची नाही. पेशवे दफ्तरातले निवडक कागद 1930च्या दशकातच 45 भागांत देवनागरीत छापून झाले आहेत, आणि धूळ झटकायला लिपी लागत नाही. पण नाईकांच्या गोष्टीत घोडा नाही, आणि घोड्याशिवाय ट्रेलर निघत नाही.