आणि नाही मिळाली तर?

काही माणसं लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या आधी बाहेर पडायचं दार हेरून ठेवतात. लिनक्स कर्नलमधला मेमरीचा कोड तपासणारा रिव्ह्यूअर याच गोत्रातला. फंक्शनच्या सुरुवातीला तुम्ही काय पराक्रम गाजवलाय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो वाचायला घेतो शेवटाकडून: गोटू, त्यांची लेबलं, आणि लेबलांखाली काय काय सोडलंय. केमॅलॉक करून बफर घेतलात, ठीक. दुसरा मागितला आणि तो नाही मिळाला, तर पहिला कोण परत करणार? केलात, ठीक. मग हातातलं लॉक? ते तसंच धरून रिटर्न झालात की! एवढं लिहून झालं की खाली एकच शब्द: नॅक. म्हणजे, घेऊन जा परत.

"आणि मेमरी नाही मिळाली तर?" हा त्याचा लाडका प्रश्न. गंमत अशी, की जीएफपी कर्नल हा नेहमीचा फ्लॅग लावून केलेली आठ पानांपर्यंतची मागणी सहसा फेल जातच नाही. वेळ आलीच तर कर्नल दुसऱ्या एखाद्या प्रोसेसचा बळी देईल, पण तुम्हाला रिकाम्या हाताने पाठवणार नाही. हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तरी मेमरीऐवजी नल तर हाती आला नाही ना, हे तपासलं नाहीत की तो आडवा येतो. घाबरून तुम्ही पुढच्या खेपेला दिसेल तिथे नल तपासता. त्यावर उत्तर येतं: मेमरी सोडणाऱ्या केफ्रीच्या आधी कशाला तपासताय? केफ्रीला नल दिला तरी काही होत नाही. काढा.

पण त्याचं खरं रूप बघायचं तर स्ट्रक्ट पेजला हात लावून बघावा. मेमरीच्या ४०९६ बाइटच्या प्रत्येक पानामागे कर्नल साधारणपणे ६४ बाइटची ही नोंद ठेवतं. १६ जीबीच्या लॅपटॉपवर २५६ एमबी नुसत्या हिशेबात खर्ची पडतात. कुणी नवखा भाबडेपणाने म्हणतो, "आठच बाइट तर वाढवतोय." गृहस्थ खवळत नाही. गुणाकार करून पाठवतो: याच लॅपटॉपवर ३२ एमबी, तुमचं फीचर कुणी वापरो न वापरो. शिवाय कॅशच्या एका ओळीत नेमकी मावणारी नोंद आता दोन ओळी अडवणार, ते वेगळंच.

कुणी चिकट म्हणालं तर तो कर्नलच्या मेमरी कोडमधल्या 'डर्टी काऊ' नावाच्या चुकीची गोष्ट ऐकवतो. ती चूक खुद्द लायनस टोरवाल्ड्सनी २००५ मध्ये दुरुस्त करायला घेतली होती. आयबीएमच्या मेनफ्रेमवर त्या दुरुस्तीने घोटाळा झाला, ती मागे घेतली गेली, आणि २०१६ मध्ये चूक नव्याने बुजवावी लागली. तोवर साध्या वापरकर्त्यालाही, फक्त वाचण्यापुरत्या दिलेल्या फायलीत लिहायची सोय झालेली होती. हे सगळं कुठल्या ना कुठल्या रिव्ह्यूअरच्या डोळ्यांखालूनच गेलं, हे आपण मनातल्या मनात म्हणायचं.

आणि एवढा काटेकोर माणूस स्वतःच्या लॅपटॉपवर ब्राउझरचे ऐंशी-नव्वद टॅब उघडे टाकून शेजारी कर्नलचा बिल्ड लावतो. कधीतरी मेमरी संपते, असे बळी निवडणारा कर्नलचा ओओएम किलर जागा होतो आणि ब्राउझरचा निकाल लावतो. त्याबरोबर तुमच्या पॅचची सालं काढणारा, सकाळपासून टाइप केलेला अभिप्रायही जातो. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारून घेतला असता. हा आधी कर्नलचा लॉग उघडतो, कोणाकडे किती मेमरी होती ते ओळीवर बोट ठेवून तपासतो आणि समाधानाने मान हलवतो: "बरोबर उचललंय. सगळ्यात जास्त हाच खात होता."