एन किती?

"एन किती?" समितीतल्या सरांनी माझ्या प्रबंधाचं पहिलं पान उलटायच्या आत विचारलं.

"बारा."

"बाराशे?"

"बारा बायका, सर."

सर सांख्यिकीवाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. पंगतीला बसावं आणि पानात मीठ-लिंबावर काहीच वाढू नये, तसा चेहरा केला.

समुपदेशन मानसशास्त्रात गुणात्मक संशोधन करायचं ठरवलं, की निम्मी हयात 'बारा म्हणजे कमी नव्हेत' हे पटवण्यात जाते. आता हे बारा आले कुठून? 2006 साली गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या तिघांनी नायजेरिया आणि घानातल्या 60 बायकांच्या मुलाखती तपासल्या. पहिल्या बारांतच जवळपास सगळं येऊन गेलं, पुढे नवीन फारसं हाती लागलं नाही, असं त्यांना दिसलं. तेही त्या बायकांपुरतं, त्या प्रश्नांपुरतं. आम्ही त्याचा पाढा केला. आकडेवाल्यांना नावं ठेवायची आणि आपल्या देव्हाऱ्यात एक आकडा बसवायचा, हा आमचा कुळाचार!

त्याच वर्षी ब्राउन आणि क्लार्क या दोघींनी मुलाखतींतून थीम कशा काढायच्या, त्याची रीत सांगितली. थीम आपोआप वर येत नाहीत, संशोधक त्या घडवतो, हेही बजावलं. तेव्हापासून त्यांच्याच लेखाचा हवाला देऊन प्रबंधांत लिहिलं जातं : 'चार थीम्स उदयास आल्या.' पूर्वेकडून. माझ्याही पहिल्या पेपरात आल्या होत्या, खोटं कशाला बोला.

माझ्या बारांतल्या सातव्या काकू अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करतात. त्या म्हणाल्या, "डोळा लागतो गं, झोप लागत नाही." पेपर इंग्रजीत, म्हणून मी समासात लिहिलं 'इन्सोम्निया'. लिहिताना लाज वाटली, पण समासात तेवढीच जागा होती. समितीच्या समाधानासाठी पीएचक्यू-नाइन ही नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं? काकूंनी विचारलं, "आठवडा म्हणजे रविवार धरून का?" त्यांना रविवार नाही. फॉर्मवर तसा रकाना नाही.

तासाभराची ती मुलाखत कागदावर उतरवायला मला सहा तास लागले. उसासे कंसात, गप्प राहणं सेकंदांत. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. शिकवला तो तास मोजतात, ऐकला तो नाही. दिवाळीच्या सुट्टीत तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. 'ताणतणाव व्यवस्थापन' हे युनिट मात्र सुट्टीच्या आधी संपवायचं असतं. पोरं विचारतात, "मॅडम, ताण आला की तुम्ही काय करता?" मी दीर्घ श्वसन शिकवते. ते फुकट आहे.

आणि पेपर छापायचे. 'केअर' यादीतल्या जर्नलमध्येच हवे होते, म्हणून मी तीन वर्षं त्या यादीच्या मागे होते. 2025 च्या फेब्रुवारीत यूजीसीने यादीच गुंडाळली. आयुष्यात 'केअर' लिहिलेली तेवढी एकच गोष्ट होती.

समितीने शेवटी तोड काढली. "मॅडम, बाराचे तीस करा. म्हणजे टी-टेस्ट तरी लावता येईल." कशाची टी-टेस्ट? काकूंचा उसासा विरुद्ध आठव्या बाईंचा उसासा? मी "हो सर" म्हटलं. सीएचबीवाली दुसरं काय म्हणणार.

गेल्या आठवड्यात मुलाखतीचा उतारा काकूंना दाखवायला गेले. आपलं बोलणं नीट उतरलंय ना, हे ज्याचं त्याला विचारायची आमच्यात पद्धत आहे. काकूंनी चष्मा लावला, सासूबाईंची कूस बदलून आल्या, पुन्हा वाचायला बसल्या. शेवटच्या पानावर थांबल्या.

"हे सारखं 'हं' 'हं' कोण म्हणतंय? मी नाही म्हटलं."

"ते मी म्हटलंय, काकू."

"एकोणचाळीस आहेत," काकू म्हणाल्या. "मोजले मी."