पुढे पायलट, मागे अ‍ॅम्ब्युलन्स, मध्ये सायकल

भंडारा जिल्ह्याला सायकल चालवायला शिकवण्याचं काम अखेर जबाबदार मंडळींनी अंगावर घेतलं आहे. जिल्ह्याचं नशीब थोर. आजवर इथली माणसं आपली अडाण्यासारखी सायकल चालवत होती. कुणी दूध घालायला, कुणी रोवणीला, कुणी वरठीला कारखान्याच्या पाळीवर, कुणी तुमसरच्या बाजाराला. अंगात टी-शर्ट नाही, तोंडात घोषणा नाही, खिशात प्रमाणपत्र नाही. आपण पृथ्वी वाचवतो आहोत याची त्यांना गंधवार्ता नव्हती. अशा बेसावधपणे केलेल्या पर्यावरणरक्षणाला शासनदरबारी काय किंमत?

म्हणून रॅली निघते. वार रविवार, वेळ सकाळी साडेसहा. या वेळी रस्त्यावर वाहन नसतं, त्यामुळे आपले रस्ते सायकलीसाठी सुरक्षित आहेत हे परस्पर सिद्ध होतं. सायकली येतात त्या मोटारीच्या पाठीवर बसून किंवा टेम्पोतून. सात वाजेपर्यंत मैदानाभोवती इतक्या मोटारी उभ्या राहतात की झेंडी दाखवणाऱ्या पाहुण्यांची मोटार आत शिरत नाही आणि कार्यक्रमाला उशीर होतो. मग स्वागत, प्रास्ताविक, शपथ. ‘मी आठवड्यातून एक दिवस सायकल वापरीन’ ही शपथ मंडळी हात पुढे करून घेतात. तो दिवस बहुधा हाच असल्यामुळे शपथ घेताघेताच पूर्णही होते. पाहुणे सायकलवर बसतात, दोघं जण सीट धरतात, तिसरा फोटो काढतो. झेंडी हलते. पुढे पायलट गाडी, मागे अ‍ॅम्ब्युलन्स आणि मध्ये सायकली, असा तो लवाजमा निघतो.

गेल्या खेपेला त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे एक प्रसंग पाहिला. हँडलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकवलेले एक काका आडव्या रस्त्याने आले. शिटीवाला स्वयंसेवक धावला.

‘‘थांबा काका, सायकल रॅली चालली आहे.’’

‘‘मी पन सायकलवरच आहो जी.’’

‘‘तुमची साधी आहे. ही जनजागृतीची आहे.’’

काका एक पाय टेकवून उभे राहिले. शेवटची सायकल गेली, अ‍ॅम्ब्युलन्स गेली, पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो गेला, तेव्हा त्यांना सोडलं. वरात काढायची आणि नवरदेवालाच बाजूला उभं करायचं, हा मान आपल्याकडे फक्त सायकलवाल्याला मिळतो.

अर्थात याचा दोष भंडाऱ्याकडे नाही. 3 जून हा जागतिक सायकल दिन संयुक्त राष्ट्रांनी 2018 च्या एप्रिलमध्ये जाहीर केला. त्यामागे पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या लेशेक सिबिल्स्की या प्राध्यापकाची बरीच खटपट होती. पण ठराव मांडला तुर्कमेनिस्तानने. तिथे राष्ट्राध्यक्ष सायकलवर बसले की देश सायकलवर बसतो. 2019 च्या सायकल दिनी अश्गाबात शहरात 2,019 सायकलस्वारांना एकामागोमाग एका रांगेत चालवून विश्वविक्रम करण्यात आला. सालाएवढेच सायकलस्वार, एकही कमी-जास्त नाही. ज्या दिवसाचा जन्मच अशा घरात झाला, त्याने आमच्याकडे येऊन साधेपणाने वागावं ही अपेक्षा चुकीची आहे.

आता कुणी म्हणेल, सरकार नुसतं रॅल्याच काढतं का? मुळीच नाही. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत हवी. आधी 3,500 रुपये मिळत, 2022 पासून 5,000 मिळतात. त्यातली काही रक्कम आधी, उरलेली पावती दाखवल्यावर. योजना खरोखर चांगली आहे, उपहास करणाऱ्यालाही इथे टोपी काढावी लागते. आठवीनंतर घरी बसणाऱ्या कितीतरी पोरी या दोन चाकांमुळे दहावी-बारावीपर्यंत गेल्या. फक्त एक बारीक गोष्ट राहून गेली. सायकल दिली, पण ती चालवायची कुठे हे योजनेत लिहिलेलं नाही. पावती सायकलीची मागतात, रस्त्याची मागत नाहीत.

राष्ट्रीय महामार्ग 53 हा भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या पोटातून आडवा जातो. ज्या पोरीचं गाव महामार्गाच्या या बाजूला आणि शाळा त्या बाजूला, तिचा पाच किलोमीटरचा हिशोब कागदावर फार सोपा असतो. प्रत्यक्षात डांबरावर डांबर चढत गेलेलं असतं आणि साइडपट्टीचा मुरूम दर पावसाळ्यात खाली बसत गेलेला असतो. मधे टाचभर पायरी तयार होते. मागून रेतीचा टिप्पर हॉर्न देतो. तो हॉर्न ‘बाजूला हो’ असं सांगत नाही, ‘मी काही बाजूला होणार नाही’ असं सांगतो. पोरगी हँडल डावीकडे वळवते, पुढचं चाक त्या पायरीवरून घसरतं. पंचनाम्यात कारण काय पडतं? ‘सायकलस्वाराचा तोल गेला.’ टाचभर मुरमाला साक्षीला कुणी बोलवत नाही.

धान निघण्याच्या दिवसांत यात भर पडते. शाळा सुटते पाचला, पौषात साडेपाचला अंधारून येतं, पुढे टेललाइट नसलेली ट्रॉली पोती लादून चाललेली आणि समोरून पांढऱ्याफेक एलईडीचा झोत डोळ्यांत. रॅलीला पुढे पायलट आणि मागे अ‍ॅम्ब्युलन्स असते. या पोरींना पुढे ट्रॉली आणि मागे टिप्पर असतो. संरक्षण दोघांनाही दोन्ही बाजूंनी आहे, तक्रारीला जागा नाही.

म्हणूनच स्वयंसेवकांनी सुरक्षेचं काम शाळेच्या सभागृहात नेलं आहे. तिथे पंखे असतात. पाहुणे मुलींना सांगतात, फिक्या रंगाचे कपडे घाला (गणवेश गडद निळा आहे, तरी घाला), घंटी वाजवा, डावीकडून चला, गप्पा मारू नका, रिफ्लेक्टर लावा. सल्ले खरे आहेत, एकही चुकीचा नाही. रिफ्लेक्टरचं तर सोनं आहे, दहा-वीस रुपयांची ती चकाकती पट्टी जीव वाचवते. पण ही सगळी मोहीम पाहिली की असं वाटतं, जिल्ह्यातला सगळ्यात धोकादायक घटक म्हणजे पस्तीस किलो वजनाची नववीतली मुलगी. तिला आवरलं की अपघात थांबले. ज्याच्या गाडीचं वजन रेतीसकट पंचवीस-तीस टन, त्याचं प्रबोधन करायला कुणी रेतीघाटावर गेल्याचं ऐकिवात नाही. तिथे सभागृह नाही, पंखा नाही, आणि रेतीघाटावर लोकांना पाहुणे फारसे आवडतही नाहीत.

जुन्या काळी बरं होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिका सायकलीवर कर घेत. कर भरला की बिल्ला मिळे, तो हँडलखाली ठोकायचा. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडत, डबलसीट बसलं की दंड. लोक वैतागत, पण त्या जाचात एक मान होता. सायकल हे वाहन आहे आणि रस्त्यावर तिचा हिशोब ठेवावा लागतो, हे सरकारला मान्य होतं. पितळेसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्याला तर तो बिल्ला पुन्हा सुरू करायला हरकत नाही. निदान सायकली मोजणीत तरी येतील. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या पंचेचाळीस घरी सायकल होती आणि मोटार जेमतेम पाच घरी. रस्ते पाहून मात्र कुणालाही वाटेल की आकडे छापताना अदलाबदल झाली.

कोलकात्याने यावर जालीम उपाय काढला होता. 2013 मध्ये तिथल्या पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलीला बंदी घातली. सायकलच नाही तर सायकलीचा अपघात कुठून होणार? दूधवाले, पेपरवाले, भाजीवाले ओरडले, पण तर्क बिनतोड होता. आपण अजून इतके पुढारलेलो नाही. आपण बंदी घालत नाही, फक्त जागा ठेवत नाही.

नेदरलँडचं उदाहरण देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा तेही देऊन टाकू. तिथे सायकली आहेत कारण तिथले लोक जात्याच शहाणे, असं अभ्यासदौऱ्यावरून परतलेले सांगतात. खरी गोष्ट अशी की 1971 साली त्या एवढ्याशा देशात सुमारे 3,300 माणसं रस्त्यावर मेली आणि त्यात चारशेहून जास्त मुलं होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी त्यातलीच. त्याने 1972 मध्ये लेख लिहिला, मथळा होता ‘मुलांची हत्या थांबवा’. पुढच्या वर्षी त्याच नावाची संघटना उभी राहिली. त्या आईबापांनी मुलांना घंटी वाजवायला शिकवलं नाही. जिथे मुलं मेली ते रस्ते त्यांनी अडवले, पंतप्रधानांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हटली, आराखडे मागितले, रस्ता बदलेपर्यंत अधिकाऱ्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांनी टी-शर्ट वाटल्याची नोंद आढळत नाही. म्हणूनच ती चळवळ एवढी चालली असावी.

आपल्याकडे पिच्छा पुरवायला जागा नाही असंही नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. इंडियन रोड्स काँग्रेसने सायकल मार्ग कसा आखावा याची स्वतंत्र पुस्तिका 1962 सालीच काढली, 2015 मध्ये ती सुधारली. म्हणजे आपल्या अभियंत्यांना माहीत नाही असं म्हणायची सोय नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावं, असं स्वच्छ लिहिलं आहे. आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198-अ हे कलम आलं. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे कुणी दगावलं किंवा जायबंदी झालं, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड. हे कलम एकाही रॅलीच्या फलकावर दिसत नाही. ‘सायकल चालवा, निरोगी राहा’ हे छापायला सोपं जातं, शिवाय प्रायोजकही रागावत नाही. फलकाखाली कधीकधी एखाद्या रस्ता ठेकेदाराच्याच शुभेच्छा असतात, त्याचंही भान ठेवावं लागतं.

तेव्हा नव्या स्वयंसेवकांसाठी आम्ही एक सुधारित आचारसंहिता सुचवतो. टेप घ्या. गावापासून शाळेपर्यंत साइडपट्टी कुठे किती खचली ते मोजा, तारीख टाकून फोटो काढा. पाहुण्यांचे नव्हे, मुरमाचे. शाळा सुटल्यावर ज्या फाट्यावर पोरी रस्ता ओलांडतात तिथे आठवडाभर उभे राहा आणि किती गाड्या थांबल्या, किती नाहीत ते लिहा. तो कागद रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकीआधी आवक शिक्का मारून द्या. उत्तर आलं नाही की माहितीचा अधिकार वापरा, दहा रुपये लागतात. पुन्हा अर्ज द्या. ट्रॉल्यांना मागून लाल पट्ट्या चिकटवायला धानाच्या हंगामात बाजार समितीच्या गेटवर उभे राहा. पंचर काढणाऱ्याला विचारा की शाळेत येणाऱ्या कितीजणींच्या सायकलींचे ब्रेक लागतात. ज्ञान त्याच्याकडे जिल्ह्यात सर्वांत जास्त आहे, पण त्याला व्यासपीठावर कुणी बोलावलेलं नाही.

या कामात अडचणी आहेत, लपवत नाही. आवक-जावकच्या खिडकीसमोर उभं राहिलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही. मुरूम पडला तर श्रेय लोकप्रतिनिधी घेतात, नाही पडला तर अधिकारी तुम्हालाच ‘कटकट्या’ म्हणतात. वर्षभर खपून हाती काय, तर दोनशे मीटर सपाट साइडपट्टी. तिच्यावर तुमचं नाव नसतं आणि जिच्यासाठी केली ती पोरगी तिथून जाताना तुमच्याकडे बघतही नाही, कारण आता तिथे बघण्यासारखं काही घडत नाही. स्वयंसेवेला इतक्या कमी मोबदल्यात कोण तयार होणार, हा प्रश्न रास्त आहे.

रॅली बंद करा असं आमचं मुळीच म्हणणं नाही. फक्त वेळ आणि जागा बदलून पाहावी. रविवार पहाटेऐवजी सोमवार सकाळी दहा, मैदानाऐवजी महामार्गाचा फाटा. टी-शर्ट घालून या, हेल्मेट घालून या, पण पोरींच्या मागेपुढे चालवत या, पायलट आणि अ‍ॅम्ब्युलन्सशिवाय, थेट शाळेच्या गेटपर्यंत. शपथेची गरज पडणार नाही, टिप्पर शेजारून गेला की प्रत्येक जण आपापल्या मनाने घेईल. झेंडी दाखवायला त्या वेळी पाहुणे मिळतील का, ही चिंता आयोजकांनी करू नये. पोरींना झेंडीशिवाय निघायची सवय आहे.